बाप्पा, हे झेवियर्स!

बाप्पा, काय अफलातून प्रकरण आहे हे मुंबईचं सेंट झेवियर्स! अमरावती एक्स्प्रेस अकोल्याहून रात्री उचलते, सकाळी सीएसएमटीला सोडते. तिथून रमतगमत गेलं तरी थोड्याच वेळात महापालिका मार्गावर दगडी कमानींचं हे कॉलेज समोर येतं. आपल्या वऱ्हाडात त्याची ख्याती ‘मल्हार’ महोत्सववाल्या पोरांचं कॉलेज एवढीच. पण आत शिरा तर खरं!

जेझुइट पाद्र्यांनी १८६९ साली हे काढलं, तेव्हा मुंबई विद्यापीठच जेमतेम बारा वर्षांचं होतं. विद्यापीठ सरकारी, कॉलेज चर्चचं, आणि दोघांचा संसार दीडशे वर्षांवर चाललाय! २०१० मध्ये कॉलेज स्वायत्त झालं. आता अभ्यासक्रम तेच ठरवतं, पेपर तेच काढतं, निकालही तेच लावतं. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची. ज्यांनी वर्षभर शिकवलं त्यांनीच पेपर काढायचा! संलग्न कॉलेजातून बी.ए. झालेल्याला यातली चैन सांगावी लागत नाही. तिकडे कॅनडात सेंट मायकेल्स हे कॅथलिक कॉलेज १९१० पासून टोरांटो विद्यापीठात असंच आपली चूल सांभाळून नांदतंय.

पण मी खरा वेडा झालो तो इथल्या पाद्र्यांपायी. स्पेनचे फादर हेन्री हेरास १९२२ साली मुंबईत आले. कोणता इतिहास शिकवणार, असं विचारल्यावर ते म्हणाले, भारताचा. त्यातलं काय येतं? काहीच नाही. मग कसं शिकवणार? अभ्यास करीन! असा किस्सा सांगतात. आणि या माणसानं १९२६ मध्ये इथंच भारतीय इतिहासाची संशोधन संस्था उभी केली, पुढं सिंधू लिपीच्या मागं लागला. लिपी काही सुटली नाही, पण असं झपाटणं बघायला मिळतं कुठं, भाऊ?

दुसरे फादर ब्लॅटर, स्वित्झर्लंडचे. त्यांच्या नावाचं हर्बेरियम आजही कॉलेजात आहे. वाळवून कागदावर चिकटवलेली झाडंपानं, दोन-चारशे नव्हे, लाखाच्या वर! त्यांची परंपरा चालवणारे फादर सांतापाव तर १९६१ मध्ये थेट भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. पाद्री माणूस, जन्मानं स्पॅनिश, आणि देशभरच्या झाडांचं सरकारी दप्तर त्याच्या हाती! विद्यापीठाच्या छायेत राहूनही कॉलेजाला स्वतःचं अंगण होतं, म्हणूनच असले छंद तिथं एवढे फोफावले, असं माझं ठाम मत झालंय.

आता डोक्यात एकच किडा वळवळतोय. त्या लाखभर कागदांत आपल्या मेळघाटातलं काही असेल का? चिखलदऱ्याचं एखादं पान? हर्बेरियमला पत्र टाकतोय. परवानगी मिळाली, की पुढची अमरावती एक्स्प्रेस!