नेपाळला बसने जाताय? गोळ्यांबरोबर मतदान कार्डही घ्या!

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की माझ्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डॉक्टर, नेपाळला चाललोय, पशुपतिनाथ-मुक्तिनाथ. प्रवासाच्या गोळ्या लिहून द्या." मी बीपी बघतो, गोळ्या लिहून देतो आणि विचारतो, "मतदान कार्ड घेतलंत का?" बरेच जण हसतात. डॉक्टरने शुगर विचारावी, हे कार्ड कसलं विचारतात! पण या कार्डाचा तुमच्या तब्येतीशी संबंध आहे. तोच आज समजावून सांगतो.

आपल्याकडचे यात्रेकरू बहुधा रेल्वेने गोरखपूरला उतरतात आणि तिथून बसने सुनौलीची सीमा ओलांडून नेपाळात शिरतात. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्री करार झाला. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, पासपोर्टची सक्ती नाही. पण व्हिसा नको म्हणजे कागदच नको, असं नाही. भारतीय नागरिकाजवळ पासपोर्ट, निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र किंवा केंद्र सरकारने दिलेलं फोटो ओळखपत्र यांपैकी एक हवंच. इथे "केंद्र सरकारचं" म्हटलं की सगळे आधार कार्ड पुढे करतात. ते सर्वांना चालत नाही! १५ वर्षांखालील मुलं आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांनाच ते चालतं. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र चालतं. थोडक्यात, तुम्ही पन्नाशी-साठीतले असाल तर फक्त आधार कार्डावर निघू नका.

आता खरी मेख. सीमेवर सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात. ते कधी प्रत्येकाचं कार्ड बघतात, कधी बसवर नजर टाकून सोडून देतात. त्यामुळे नुसतं आधार घेऊन गेलेली माणसंही पलीकडे पोचतात आणि परत येऊन शेजाऱ्यांना सांगतात, "काही लागत नाही हो, आम्ही जाऊन आलो ना!" धडधाकट माणसाचं असं निभावून जातं. अडचण होते ती आजारी पडलेल्या माणसाची.

माझे एक पेशंट, वय ६१, मधुमेह आणि बीपी दोन्ही. पत्नीसह यात्रेच्या बसने गेले. दोघांची मतदान कार्डं घरच्या कपाटात, खिशात आधार. काठमांडूत पहाटे छातीत दुखायला लागलं. सोबतच्या मंडळींनी तातडीने हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथल्या डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी केली आणि जीव वाचला. त्या पहाटे काकूंनी मला फोन केला होता. तिथले डॉक्टर विचारत होते, कोणत्या गोळ्या चालू आहेत? काकू सांगत होत्या, "एक पांढरी, सकाळची. एक गुलाबी, जेवल्यावर." रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, मेटफॉर्मिन घेतात का, किडनी कशी आहे, कशाची अॅलर्जी आहे का, हे अशा वेळी डॉक्टरांना लगेच हवं असतं. सुदैवाने मी फोन उचलला आणि माझ्याकडे नोंद होती.

पुढे त्यांना घरी आणायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, विमानाने जा, बस आणि रेल्वेची दोन-तीन दिवसांची दगदग नको. पण विमानाने परतताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. या वयाला आधार चालत नाही. जे सीमेवर कुणी विचारलं नाही, ते विमानतळावर विचारलं गेलं. शेवटी भारतीय दूतावासाकडून एका प्रवासापुरतं तातडीचं प्रमाणपत्र मिळालं. हॉस्पिटलमधून सुटी मिळूनही ते दोघं परक्या शहरात हॉटेलच्या खोलीत अडकून पडले होते. काकू मला रोज फोन करायच्या आणि एकच विचारायच्या, "पुन्हा दुखलं तर?"

म्हणून निघण्याआधी एवढं कराच:

१. मूळ मतदान कार्ड किंवा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. सगळ्यांची कार्डं ग्रुपच्या एकाच बॅगेत ठेवू नका. चक्कर येऊन तुम्ही पडलात आणि बॅग पुढच्या बसमध्ये असली, तर तुम्ही कोण हे कुणाला कळणार? झेरॉक्स वेगळी ठेवा, फोटो घरच्यांच्या मोबाइलवर असू द्या.

२. कार्डावरचं नाव बघा. लग्नाआधीचं नाव एका कार्डावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, असं बऱ्याच भगिनींचं असतं. दुरुस्तीला वेळ लागतो, आधीच करून घ्या.

३. परदेशातला नातू सोबत येत असेल तर त्याला वेगळे नियम. ओसीआय कार्ड असलं तरी तो परदेशी नागरिकच. त्याला त्याचा पासपोर्ट आणि नेपाळचा व्हिसा लागतो. सीमेवर दोन्ही बाजूंचे शिक्के घेतल्याशिवाय त्याला पुढे नेऊ नका.

४. ओळखपत्रामागे एक चिठ्ठी ठेवा: वय, आजार, गोळ्यांची मूळ औषधी नावं आणि डोस, अॅलर्जी, रक्तगट, घरचा फोन नंबर. गोळीचं कंपनीचं नाव तिकडे वेगळं असू शकतं, म्हणून मूळ नाव महत्त्वाचं.

५. गोळ्या मूळ पाकिटातच न्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. झोपेच्या गोळ्या असतील तर ती हवीच. इन्सुलिन बसच्या डिकीत टाकू नका, उन्हाने खराब होतं.

६. मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी तपासून घ्या. उंचीवरच्या त्रासाची गोळी मनाने घेऊ नका.

नियम बदलत असतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात काठमांडूच्या भारतीय दूतावासाच्या वेबसाइटवर एकदा खात्री करून घ्या. आणि वाचून झाल्यावर लगेच कपाट उघडून मतदान कार्ड कुठे आहे ते बघा. सापडायला वेळ लागतो, असा माझ्या पेशंटांचा अनुभव आहे!

यात्रा सुखाची होवो. काळजी घ्या.