इंदूरचा खड्डा

पाहुण्यांना राजवाडा, लालबाग आणि खजराना दाखविता दाखविता आमचे आयुष्य सरत आले. परंतु ज्या गोष्टीमुळे इंदूरचे नाव इंग्लंड-आफ्रिकेतील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले, ती जागा पाहण्याचा योग पंचावन्नाव्या वर्षी आला, आणि तोही बैल विकण्याच्या निमित्ताने.

आमचे धाकटे बंधू देवासच्या वाटेवरील वडिलोपार्जित शेती पाहतात. गहू निघाल्यावर ते म्हणाले, "दादा, ट्रॅक्टर भाड्याने मिळतो. दोन बैल वर्षभर कशाला पोसायचे?" आम्हांस उत्तर सुचेना. त्यांना घेऊन कृषी महाविद्यालयाच्या आवारात गेलो व एका कडुनिंबाखाली बसलो.

होळकर दरबारच्या जमिनीवर १९२४ साली येथे संशोधनसंस्था निघाली. पुसाहून आलेले अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. १९३५ साली गांधीजीही ती पाहून गेले. शेतातील टाकाऊ मालापासून खत करण्यावर हॉवर्डांचे पुस्तक १९३१ साली निघाले, त्यावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. हॉवर्डसाहेबांना जग ओळखते. वाडांची आठवण आपल्या इंदुरी मंडळींतही कोणी काढीत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

पद्धत ऐकावी तर अगदी घरगुती. पऱ्हाट्या-तुराट्या कठीण, म्हणून त्या गाडीवाटेवर पसरीत; चाकांखाली त्यांचा भुगा होई. तो भुगा व पालापाचोळा गुरांखाली अंथरीत. गोठ्याची जमीन मातीचीच असे. गोमूत्र शोषलेली ती माती तीन-चार महिन्यांनी खणून काढीत. मग तीस फूट लांब, चौदा फूट रुंद व अवघ्या दोन फूट खोल खड्ड्यात अंथरूण, शेणकाला, ती माती आणि राख यांचे थर देत, पाणी शिंपीत. खोली दोनच फूट, कारण तळाशी हवा पोहोचली नाही तर कुजणे बिघडते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचे, तेव्हा जमिनीवरच ढीग रचीत. तीनदा उलथापालथ केली की तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत हाती येई. या साऱ्या खटाटोपात बैल कोठेही रिकामा नाही. बसला तरी अंथरूण भिजवण्याचे काम करतोच!

बंधू हसले, पण लगेच म्हणाले, "खरे आहे, दादा. पण वैरण कुठली आणायची? सोयाबीन आले, ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबाही गेला. हार्वेस्टर गव्हाची नरवाई उभी ठेवतो. ती लोक पेटवतात."

यावर मुख्याध्यापकाकडे तयार उत्तर नव्हते. बैल गेला म्हणून कडबा नकोसा झाला, की कडबा गेला म्हणून बैल जड झाला, हे आता सांगणे कठीण. आम्ही एवढेच म्हटले, "अरे, सोयाबीनचे कुटार तरी गोठ्यात अंथरता येईल ना? आणि एक-दोन एकर ज्वारी?" बराच वेळ ते बोटांवर हिशेब करीत राहिले.

सोमवारी यायच्या व्यापाऱ्याला अक्षय्य तृतीयेनंतर ये, असा निरोप गेला. तोवर आम्ही गोठ्यामागे खड्डा आखून दिला आहे. लांबी दहाच फूट. दोन बैलांना तेवढा पुरे.