जुनी गाडी, पण कागद आपल्या नावाचा

रोज कचेरी आणि रविवारी खेड्यापाड्यांत वंदनेला, बैठकीला जाणे. शिरड शहापूरहून औंढा, वसमतकडे एस.टी. आहे, पण बैठक लांबली की ती थोडीच थांबते! मोटारसायकल हवीच होती. नवी घ्यावी तर हप्ते. मुलांच्या आईने बजावले, "जुनी घ्या, पोरीच्या फीला हात लावू नका."

१९०१ साली मसूर स्टेशनवर जात कळताच बाल भीमरावांना कोणी गाडीवान नेईना. दुप्पट भाडे देऊनही गाडी भावंडांनाच हाकावी लागली. म्हणून आपल्या माणसाला स्वतःचे वाहन ही चैन नव्हे. मात्र त्यासाठी कर्जात बुडणेही शहाणपणाचे नाही.

शंभर सीसीची गाडी पाहिली. इंजिन थंड असतानाच किक मारली. तापलेल्या इंजिनात खोड लपते. निळसर धूर दिसला तर ऑइल जळते असे समजावे. चेसिस व इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडले. बँकेचा बोजा, विमा, नोंदणीची मुदतही तपासली.

तरुण बंधूंनो, फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन गाडी लगेच नावावर करा. विकणाऱ्यानेही हयगय करू नये. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीतील मालकावरच येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

ओळखीच्या शब्दावर व्यवहार करून आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या नाडली गेली. बाबासाहेबांनी हाती लेखणी दिली. तिने आधी आपला कागद पक्का करावा. पोरीची फी वेळेवर भरली गेली, याचे समाधान गाडीपेक्षा मोठे आहे.

जयभीम!