साथीदाराचा दौरा

गाण्याच्या बैठकीला गेलो की माझे लक्ष मुख्य गवयापेक्षा त्याच्या डाव्या हाताला बसलेल्या पेटीवाल्याकडे अधिक जाते. ही सवय चांगली की वाईट, कोण जाणे! गवई तान घेऊन समेवर येतो, सारी सभा माना डोलावते. आणि पेटीवाला मात्र मान खाली घालून भात्याशी काहीतरी चाळा करीत बसतो, जणू त्या तानेशी आपला काडीचा संबंध नाही. वास्तविक त्या तानेचे टोक जमिनीवर पडू न देता अलगद उचलून घेतलेले असते ते त्यानेच. अशा माणसांकडे पाहताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. गवई एके दिवशी उठून गेला, कायमचाच उठून गेला, तर हा काय करील? पेटी मिटून घरी जाईल, की घसा खाकरून स्वतःच गाऊ लागेल?

या प्रश्नाचे एक उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडले. ते सांगण्यापूर्वी वाचकांना विनंती एवढीच की, विजेवर वाजणारी गिटार आणि मानेवर रुळणारे केस एवढ्यावरून 'रॉक' संगीताला धांगडधिंगा ठरवून त्यांनी पान उलटू नये. माझ्या वडिलांनी ते नक्की उलटले असते. दिवाळी अंकात असल्या विषयावर लिहिणारा मुलगा पाहून त्यांनी हातातली चकलीही खाली ठेवली असती!

मी वाईत मास्तरकी करतो. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत मला मोबाइलवर एक गाणे ऐकविले. ''सर, हे फ्रेडीचे दोस्त. फ्रेडी म्हणजे आपल्या पाचगणीचा,'' तो म्हणाला. 'आपल्या' हा शब्द त्याने असा काही उच्चारला की, मला ऐकणे भागच पडले.

मुलगा चुकीचे बोलत नव्हता. आमच्या गावातून पसरणीचा घाट चढून वर गेले की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात सत्तर वर्षांपूर्वी झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा राहत होता. नाव फरोख बुलसारा. तो पियानो शिकला, चार सोबती जमवून त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. पुढे १९६४ साली तो आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेला आणि 'क्वीन' या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला ठाऊक झाला. पण मुलाच्या मोबाइलवर त्या दिवशी फ्रेडी गात नव्हता. गात होता तो आयुष्यभर त्याच्या बाजूला गिटार घेऊन उभा राहिलेला ब्रायन मे.

या ब्रायनची गोष्ट कुणाही घरात मुलांना सांगावी अशी आहे. १९६३ साली तो सोळा वर्षांचा होता आणि हवी तशी गिटार विकत घेण्याची घरची ऐपत नव्हती. वडील हॅरॉल्ड सरकारी नोकरीत, पण हाताने कसबी. बापलेकांनी ठरविले की, आपणच ती करायची. कुणाच्या तरी घरची जुनी शेकोटी मोडीत निघाली होती. तिच्या चौकटीच्या महोगनी लाकडातून गिटारची मान कोरली. जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा बसविल्या. आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्या पट्टीवर खुणा म्हणून जडविल्या आणि तिचीच विणायची सुई एका दांडीच्या टोकाला लावली. दोनेक वर्षे हे काम चालले होते. वाजवायला नखी म्हणून तो वापरी सहा पेन्सांचे नाणे. ते नाणे १९८० साली चलनातून गेले, त्याच्या बोटांतून मात्र गेले नाही.

पण ज्या बापाने गिटार करून दिली त्यालाच मुलाने गिटारीवर पोट भरावे हे रुचेना. मुलगा लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ग्रहांमधल्या धुळीवर संशोधन करीत होता. ते अर्धवट टाकून तो गाणाऱ्यांच्या नादी लागला, याचे हॅरॉल्डना फार वाईट वाटले. काही काळ दोघांत दुरावा आला. पुढे एकदा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी मुलाला वाजविताना पाहिले, तेव्हा ती गाठ सुटली. त्या अर्धवट संशोधनाचे म्हणाल, तर तेही त्याने साठाव्या वर्षी, २००७ साली पुरे करून पीएच. डी. घेतली. मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्याला हा मोठाच दिलासा आहे. साठीला अजून अवकाश आहे!

'क्वीन'ची कितीतरी गाजलेली गाणी ब्रायनने रचली. पण रचली त्याने आणि गाइली फ्रेडीने. स्वतः ब्रायनने तबकडीवर एखाददुसरे गाणे म्हटले असेल, तेवढेच. ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधल्या नेबवर्थ येथे लाखाहून अधिक माणसांसमोर ते चौघे वाजले. फ्रेडीसह झालेला तो त्यांचा शेवटचा कार्यक्रम. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी एड्सने गेला. तो पंचेचाळीस वर्षांचा होता.

तोपर्यंत ब्रायनच्या आयुष्यात पुष्कळ काही कोसळून झाले होते. १९८८ साली वडील गेले, संसार मोडला. मनाला घेरणाऱ्या अंधाराविषयी त्याने पुढे उघडपणे सांगितले आहे. त्याच वर्षांत तो एकट्याने थोडी थोडी गाणी मुद्रित करीत होता. सप्टेंबर १९९२ मध्ये ती त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम म्हणून बाहेर आली. नाव 'बॅक टू द लाइट'. परत उजेडाकडे, असे म्हणू या.

गाणी बाहेर आली म्हणजे ती गावोगाव नेऊन ऐकविणे आलेच. आपल्याकडे नाटकमंडळींना हे नवे नाही. १९९२ च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेत त्याची सुरुवात झाली. १९९३ च्या प्रारंभी तो अमेरिकेत गेला तो 'गन्स अँड रोझेस' या तेव्हा जोरात असलेल्या तरुण मंडळीच्या आधी वाजवायला. मुख्य वग उभा राहण्यापूर्वी जशी गण-गौळण होते तसे. लोक जागा शोधीत आहेत, सारे डोळे पुढच्या मंडळींकडे लागलेले, आणि नेबवर्थला लाखाने ज्याला ऐकले तो माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी त्या गडबडीत पुढे येऊन गातो आहे! साथीला कोझी पॉवेलसारखा नामवंत ढोलवादक होता, बाकीची मंडळीही कसलेली होती. पण मधला ध्वनिक्षेपक आता त्याच्या वाट्याला आला होता.

त्याला त्या ध्वनिक्षेपकाची भीती वाटली असेल का? मी माझ्यापुरते सांगतो. कादंबरी लिहिताना मी धिटाईने वाटेल ते लिहितो, कारण बोलणारे मी नसतो. माझा राग एखाद्या मामलेदाराच्या तोंडी घालतो, माझे रडू एखाद्या विधवेच्या. मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनात मला चार शब्द बोलायला उभे केले की, घशाला कोरड पडते. दुसऱ्याच्या गळ्यासाठी रचणाऱ्याला स्वतःचा गळा परका वाटतो. आणि ब्रायनला तर तीच गाणी गायची होती, जी लोकांच्या कानात फ्रेडीच्या आवाजात पक्की बसलेली होती.

आमच्या आळीच्या भजनी मंडळात असेच झाले होते. बुवा गेले तेव्हा मी विशीत होतो. त्यानंतरच्या पहिल्या एकादशीला सारे जमले, टाळ वाटून झाले, आणि कुणी सुरुवात करीना. पखवाजावर हात तसाच राहिला. शेवटी पेटीवाल्यांनी पेटीचा स्वर दोन पट्ट्या उतरविला आणि अभंग उचलला. त्यांचा आवाज बारीक आणि थोडा कापरा. बुवा जिथे वर जात, तिथे ते गेलेच नाहीत. पण तेवढ्या जागी सगळ्या मंडळींनी आपापला आवाज घातला. घरी येताना आई म्हणाली, ''आज बुवा फार आठवले.'' पेटीवाले वाईट गायले असे तिला म्हणायचे नव्हते. ते चांगले गायले असेही नाही. मला वाटते, तिला याहून निराळेच काही म्हणायचे होते.

मुलाने ऐकविलेले ध्वनिमुद्रण १५ जून १९९३ चे, लंडनच्या ब्रिक्स्टन अॅकॅडमीतले. हे जुने, १९२९ साली चित्रपटगृह म्हणून उभारलेले थिएटर. पाचेक हजार माणसे मावतील एवढेच. ते आहे स्टॉकवेल रस्त्यावर. मला मौज वाटली ती याची की, वीस वर्षांपूर्वी, 'क्वीन'ला कुणी ओळखत नव्हते तेव्हा, याच स्टॉकवेल भागातल्या एका शाळेत ब्रायन मुलांना गणित शिकवीत होता. म्हणजे दौरा फिरत फिरत मास्तरांच्या जुन्या शाळेच्या आसपास येऊन पोहोचला! समोरच्या गर्दीत त्याच्या हातच्या छड्या खाल्लेले कुणी असेल काय, हा प्रश्न केवळ आम्हा शिक्षकांनाच पडावा.

त्या कार्यक्रमात 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे फ्रेडीने रचलेले गाणे आहे. पूर्वी भर सभेत सगळी वाद्ये थांबत, ब्रायन एकटा साधी गिटार वाजवी, फ्रेडी गाई आणि हजारो लोक त्याच्याबरोबर गात. ब्रिक्स्टनलाही गिटार तीच होती, लोकही तेच होते. नव्हता तो मधला. ब्रायनने त्याची नक्कल केली नाही. त्याचा आवाज मऊ, काहीसा झिरझिरीत. त्या आवाजाने त्याने गाणे लोकांच्या हाती दिले आणि लोकांनी ते गायले. ऐकताना माझ्या कानात का कोण जाणे, टाळ वाजू लागले. नववीतला मुलगा माझ्याकडे पाहत होता. मी चष्मा पुसला आणि घंटा झाली असे त्याला सांगितले. ती व्हायची होती.

लोक म्हणतील, यात विशेष ते काय? अल्बम खपावा म्हणून केलेला हा दौरा. खपला नसता तर कंपनी हिरमुसली असती. ते खरेच आहे. वारीच्या वाटेवरही बत्तासे विकले जातातच. पण १९९३ चे ते वर्ष सरेपर्यंत गावोगाव तीच गाणी घेऊन फिरताना त्या माणसाला रोज रात्री एक रिकामी जागा ओलांडून पुढे यावे लागले असेल, हेही खरे. दुःख घरात बसून संपत नाही, हे आपल्या बायकांना ठाऊक असते. म्हणून त्या दिवसकार्य आटोपताच जात्यावर बसत आणि ओव्या म्हणत.

आणि यापुढचा भाग मला सर्वांत आवडतो. एकदा पुढे येऊन गाता येते हे सिद्ध झाल्यावर माणूस सहसा मागे सरकत नाही. ब्रायनने १९९८ साली आणखी एक अल्बम काढला, त्याचाही दौरा केला. पण पुढे 'क्वीन'चे नाव घेऊन पॉल रॉजर्स आला, त्यानंतर अॅडम लॅम्बर्ट आला, तेव्हा मधली जागा त्यांना देऊन हा आपल्या जुन्या बाजूला जाऊन उभा राहिला. तीच शेकोटीच्या लाकडाची गिटार घेऊन. कार्यक्रमात एकदाच तो एकटा पुढे येतो, साध्या गिटारीवर 'लव्ह ऑफ माय लाइफ' गातो, आणि गाणे संपता संपता मागच्या पडद्यावर फ्रेडी दिसू लागतो. त्या वेळी ब्रायन काय करतो ठाऊक आहे? मान वळवून त्याच्याकडे पाहतो आणि साथ करतो.