जर्मेनियमची पारख

जुन्या ट्रान्झिस्टरवरचें नांव वाचून त्याजवर विश्वास ठेवूं नये, असें आमचें मत अलीकडे पक्कें झालें आहे. तीर्थरूपांनीं १९६७ सालीं स्वहस्तें जोडलेला रेडिओ गेल्या वर्षीं मुका झाला. आंतील सारे नग काढून नवे सिलिकॉनचे घालावे, असें वडील बंधूंचें म्हणणें पडलें. आम्ही त्यास रुकार दिला नाहीं. जर्मेनियम सुमारें ०.२ व्होल्टवर वाहूं लागतें, सिलिकॉनला ०.६ च्या आसपास लागतात. एक नग बदलला कीं भोंवतालच्या रोधकांचें गणितही बदलावें लागतें, आणि तें गणित तीर्थरूपांच्या हातचें होतें.

त्यांच्या डब्यांत ‘ओसी ७१’ चे कांहीं नग निघाले. यांतील ‘ओ’ म्हणजे तापविण्याच्या तारेस शून्य व्होल्ट. व्हॉल्व्हच्या काळचें हें आडनांव नव्या पिढीसही लागलें! बाजारांतून एक नग आणिला, त्यावरही तेंच नांव. पण मीटरनें ०.६ दाखविले. जातीचा सिलिकॉन, नांव मात्र उसनें.

खरी परीक्षा गळतीची. ९ व्होल्टची बॅटरी घेऊन, कलेक्टरकडे २,४०० ओहमचा रोधक घालून व बेस मोकळा ठेवून, त्या रोधकावरील दाब मोजावा. तो निव्वळ गळतीचा. मग २.२ मेगओहममधून बेस ऋण टोकास जोडावा. दोहोंतील अंतर १ व्होल्ट भरलें तर गुणन सुमारें १००. आमच्या एका नगानें आधीं ०.५ व मग १.५ दाखविले, वरवर पाहणारा त्यास १५० गुण देऊन मोकळा झाला असता. शिवाय नग चिमटींत धरला कीं आंकडा चढतो, कारण दर १० अंशांमागें गळती जवळजवळ दुप्पट होते. चैत्रांतल्या दुपारीं नापास झालेला नग पहाटे उत्तीर्ण होतो!

रेडिओच्या मुकेपणाचें मूळ मात्र ‘एएफ ११७’ मध्यें सांपडलें. याच्या डबीच्या आंतल्या कथिलाच्या मुलाम्यास कालांतरानें केसासारखे तंतू फुटतात आणि ते आंतील टोकांस डबीशीं जोडून टाकतात. चौथा पाय डबीचा, तो जमिनीस जोडलेला. म्हणून आम्हीं तोच कापला. रेडिओ बोलूं लागला. बंधूंनीं ऐकलें, आणि हें किती दिवस टिकणार म्हणून विचारलें. प्रश्न रास्त होता. तंतू वाढतच असतात. डब्यांतील कोरा ‘एएफ ११७’ मोजला, तर न वापरतांच त्यालाही तंतू फुटलेला. तूर्त रेडिओ तीन पायांवरच चालू आहे, आणि रात्रीं मध्यम लहरींवर दूरचें एखादें स्टेशन लागलें कीं वहिनी आवाज वाढवावयास सांगतात.