सनदी लेखापालाची जोडमिळकत

पगारात संसाराचा मेळ बसत नाही म्हणून, अथवा कचेरीतल्या त्याच त्या कामाने कष्टार्जित विद्या क्षीण होऊ लागते म्हणून, आमच्या व्यवसायातील पुष्कळ तरुण सभासद फावल्या वेळात काही अर्थार्जन करू इच्छितात, आणि ही इच्छा मला सर्वथा रास्त वाटते. मात्र ज्याच्या सहीवर भागधारक, सावकार आणि सरकार हे तिघेही विसंबून राहतात, त्याने आपल्या विद्येचा कोणता अंश मोबदल्यासाठी द्यावा आणि कोणता कदापि देऊ नये, याचा विवेक त्याने आधी केला पाहिजे.

१९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाने आणि त्याखालील नियमांनी या विवेकाची चौकट घालून दिली आहे. पगारी नोकरीत असलेल्या सभासदालाही मालकाची संमती व सनदी लेखापालांच्या संस्थेची परवानगी घेऊन व्यवसायाचा अंशकालिक परवाना मिळू शकतो. त्या परवान्यावर तो सल्ला देऊ शकतो, जमाखर्च लिहून देऊ शकतो, विवरणपत्रे तयार करू शकतो, परंतु लेखापरीक्षणाच्या अहवालावर सही करू शकत नाही. अनेकांना हा निर्बंध जाचक वाटतो. मला तो उपकारक वाटतो. दिवसभर एकाची चाकरी करून थकलेल्या माणसाने रात्री दुसऱ्याच्या कीर्द-खतावणीची रुजुवात घ्यावी, पावत्या ताडून पाहाव्यात, शिल्लक मालाविषयी अप्रिय प्रश्न विचारावेत आणि मगच ताळेबंद यथार्थ असल्याचा निर्वाळा द्यावा, हे तो कितीही सचोटीचा असला तरी दुर्घट आहे. आणि रुजुवातीवाचून घेतलेला मोबदला हा श्रमाचा न राहता नुसत्या सहीचा होतो.

पूर्णवेळ व्यवसाय करणाऱ्यालाही परवानगीवाचून दुसरा धंदा करता येत नाही. ग्रंथलेखन, शेती आणि आठवड्याला २५ तासांपर्यंतचे अध्यापन यांस मुभा आहे. आयुर्विम्याची एजन्सी मात्र केवळ जुन्या विमापत्रांच्या नूतनीकरणाची दलाली घेण्यापुरतीच ठेवता येते. ही मर्यादा मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण ज्याचा सल्ला निरपेक्ष असावा अशी अशिलाची अपेक्षा असते, त्याचा स्वार्थ अशिलाच्या खरेदीत गुंतला, की तो सल्ला सल्ला राहत नाही.

महाराष्ट्रातील नोकरदार लेखापालास मी सहकारी गृहनिर्माण संस्थांचे दप्तर सुचवीन. ३१ मार्चला वर्ष संपल्यावर ४५ दिवसांत हिशेबपत्रके, चार महिन्यांत लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा, अशा मुदती १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाने व त्याखालील नियमांनी लादलेल्या. आणि चिटणीस बहुधा आपापला उद्योग सांभाळून हे ओझे वाहणारा एखादा सद्गृहस्थ. बँकेच्या पासबुकाशी रोजकीर्दीचा मेळ नसतो, सभासदांच्या थकबाकीवरील व्याज वर्षानुवर्षे आकारलेले नसते, आणि बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरसाल जमा व्हावयाचा सिंकिंग फंड चालू खर्चात विरून गेलेला असतो. अशा दप्तराची घडी दरमहा थोडा वेळ देऊन बसविणे हे अंशकालिक परवान्यात बसणारे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपयोगी पडणारे काम आहे. त्याचे लेखापरीक्षण मात्र दुसऱ्यानेच करावे, कारण स्वतः लिहिलेल्या वहीस स्वतःच निर्दोष ठरविण्याला काही किंमत नाही.

आमच्या व्यवसायात गिऱ्हाईक मागत फिरणे हे गैरवर्तन ठरते. म्हणून जोडमिळकतीचा आरंभ संथ होतो, आणि एका चिटणिसाने दुसऱ्यास सांगितल्यावरच ती वाढते. या संथपणाला कंटाळून, न पाहिलेल्या कागदांवर सही करून झटपट पैसा मिळविण्याचा मार्ग कोणी दाखविला, तर तरुण सभासदाने एवढेच ध्यानात घ्यावे, की अशा दहा सह्यांचे उत्पन्न एका वर्षात सरते, आणि त्यांतील एका सहीची चौकशी लागली तर ज्या सनदेवर आयुष्यभराची मिळकत उभी आहे, ती सनदच धोक्यात येते. जे काम आपल्या हाताने तपासता वा लिहिता येईल तेवढेच घ्यावे, त्याची पावती द्यावी, ते उत्पन्न स्वतःच्या विवरणपत्रात पै न् पै दाखवावे. अशी मिळकत थोडी असली तरी तिच्याबरोबर विद्याही वाढत जाते, आणि पुढे नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय करावयाचा झाल्यास तीच विद्या भांडवल म्हणून उपयोगी पडते.