एका दिवसाची शिदोरी

ख्रिस्ती घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर बहुधा एखादं वचन दिसतं. कधी काचेच्या चौकटीत, कधी मंडळीने वाटलेल्या दिनदर्शिकेवर. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातलं पाचवं वचन तर अनेक घरांत असतं. आपल्या अक्कलहुशारीवर विसंबू नये, सगळा भरवसा परमेश्वरावर टाकावा, असा त्याचा आशय. येता-जाता ते इतक्या वेळा नजरेखालून जातं की पुढेपुढे दिसेनासं होतं. घरातल्या घड्याळासारखं ते तिथे असतं, एवढंच.

रोजचं मनन लिहिणाऱ्याचं काम या दिसेनाशा झालेल्या वचनापासून सुरू होतं. प्रस्तुत लेखक गेली काही वर्षं आपल्या मंडळीसाठी अशी मननं लिहितो. एक उतारा, त्यावर वीस-पंचवीस ओळी, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. वाचायला तीन मिनिटं पुरतात. लिहायला कधी एक सकाळ लागते, कधी चार.

नीतिसूत्रांतल्या या वचनाला चार सकाळी लागल्या. पहिले तीन मसुदे श्रद्धेचं महत्त्व सांगणारे होते. त्यांत चुकीचं काही नव्हतं, पण ते वचन डोळ्यांपुढे नसतानाही लिहिता आले असते. चौथ्या दिवशी मूळ हिब्रू शब्दाचा माग काढला. ‘विसंबणे’ यासाठी तिथे जे क्रियापद आहे, त्याचा साधा अर्थ अंगाचा भार टाकून टेकणे असा आहे. तेच क्रियापद शास्त्यांच्या पुस्तकात आंधळ्या शमशोनाच्या तोंडी येतं. मला खांब चाचपू दे, म्हणजे मी त्यांना टेकेन, असं तो हात धरणाऱ्या पोराला म्हणतो. आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभी एक अमालेकी तरुण दाविदाला शौलाची अखेर सांगतो, तिथेही तेच क्रियापद आहे. गिलबोवा डोंगरावर, रथ आणि स्वार अंगावर येत असताना, राजा आपल्या भाल्यावर टेकून उभा होता, असं तो सांगतो.

हे चित्र दिसलं आणि मनन लिहून झालं. हरलेला राजा, आणि टेकायला उरलेला एक भाला. आपली बुद्धी, आपला हिशोब, आपली ओळखपाळख हे आपले भालेच. ते हातात असावेत, उपयोगीही असतात. पण सगळा भार त्यांच्यावर टाकला की माणूस शौलासारखा उभा राहतो. मराठी बायबलाने याच वचनात परमेश्वरावर ‘भाव ठेवणे’ असा शब्दप्रयोग केला आहे, हेही त्याच सकाळी नव्याने जाणवलं. भाव हा शब्द या मातीत संतांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरून मऊ केलेला आहे. भाव ठेवणं म्हणजे एखादं मत मान्य करणं नव्हे, टेकणं आहे.

या कामाचा पहिला नियम तेव्हापासून पक्का झाला: आधी वचन, मग आपला विचार. उलटं केलं की वचन खुंटीसारखं वापरलं जातं आणि आपलं मत त्यावर टांगलं जातं.

मनन या शब्दाचाच विचार करण्यासारखा आहे. पहिल्या स्तोत्रात नियमशास्त्रावर रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाला धन्य म्हटलं आहे. तिथलं हिब्रू क्रियापद आवाजाचं आहे. यशयाच्या पुस्तकात भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तेच क्रियापद येतं आणि हिज्कीया राजाच्या आजारपणाच्या गीतात कबुतराच्या घुमण्यासाठीही. म्हणजे स्तोत्रातला तो धन्य माणूस डोळे मिटून गप्प बसलेला नाही, तो पुटपुटतो आहे. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे, घोकणे. शाळेने त्या शब्दाची चव घालवली खरी, पण ओठ हलल्याशिवाय वचन आत उतरत नाही, हा अनुभव जुना आहे. मध्ययुगातल्या मठवासीयांनी त्याला रवंथाची उपमा दिली. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या ग्विगो या कार्थुसियन मठाधिपतीने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत दर्शन. लिहिणाऱ्यानेही तेच करावं. उतारा मोठ्याने वाचावा, निदान तीनदा. तिसऱ्या वाचनात जिथे जीभ अडखळते, तिथेच बहुतेक वेळा लिहिण्याजोगं काही असतं.

रोजच्या वचनाची परंपरा आज छापील दिसते, पण ती सुरू झाली तोंडी. जर्मनीत साक्सनीमध्ये हेर्नहूट नावाचं एक वसतिगाव आहे. मोरावियातून छळामुळे निघून आलेल्या ख्रिस्ती लोकांना काउंट त्सिंत्सेनडोर्फने तिथे आपल्या जमिनीवर आसरा दिला होता. 3 मे 1728 च्या संध्याकाळच्या उपासनेत त्याने दुसऱ्या दिवसासाठी एक वचन सर्वांना दिलं. मग रोज सकाळी कुणीतरी ते दिवसाचं वचन घराघरांत पोहोचवू लागलं. 1731 सालासाठी त्याचं पहिलं पुस्तक छापलं गेलं आणि ते आजतागायत चालू आहे, पन्नासहून अधिक भाषांत. आजही जुन्या करारातलं प्रत्येक दिवसाचं वचन हेर्नहूटमध्ये चिठ्ठी टाकून काढतात आणि त्याला जुळणारं नव्या करारातलं वचन मग निवडतात.

चिठ्ठी टाकण्याची ही रीत मनन लिहिणाऱ्यांना मोठी शिकवण देते. आपण निवडायला बसलो की हात नेहमी त्याच पाच-पन्नास गोड वचनांकडे जातो. मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र, डोंगराकडे दृष्टी लावणारं एकशेएकविसावं, भिऊ नको म्हणणारे यशयाचे उतारे. विलापगीत कुणी सहजी उघडत नाही. नहूम आणि ओबद्या तर राहूनच जातात. म्हणून प्रस्तुत लेखक एक पुस्तक घेतो आणि पहिल्या अध्यायापासून शेवटपर्यंत जातो, मध्ये कंटाळवाणी वंशावळ आली तरी तिच्यासह. न आवडणाऱ्या पानावर थांबावं लागणं, हाही भरवशाचाच अभ्यास आहे.

या कामात सर्वांत मोठी चूक कुठली, ते त्याला एका रविवारी कळलं. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन, देवाच्या मनातले बेत हिताचे आहेत, भविष्य आणि आशा देणारे आहेत, असं सांगणारं, सगळ्यांच्या आवडीचं आहे. त्यावर त्याने एक छान गुळगुळीत मनन लिहिलं होतं. आज ना उद्या सगळं ठीक होईल, असा त्याचा सूर. उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका वयस्क बाईंनी त्याला दाराशी थांबवलं. त्यांचा कर्ता मुलगा त्याच वर्षी गेला होता. त्यांनी शांतपणे विचारलं, “भाऊ, हे वचन देवानं कुणाला लिहिलं होतं हो?”

त्याला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन त्याने पूर्ण अध्याय वाचला. ते एक पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं. अकराव्या वचनाच्या अगदी आधीच्या, दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. हे पत्र ऐकायला जमलेल्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता. त्यांना काय सांगितलं आहे? घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात बंदी होऊन आला आहात त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. लवकरच सुटका होईल असं सांगणारे संदेष्टे तेव्हाही होतेच. यिर्मया त्यांना खोटे ठरवतो.

आधीचं मनन रद्द झालं आणि नवं लिहिलं गेलं. त्यात सगळं ठीक होईल असं आश्वासन नव्हतं. मळा लावा, एवढंच होतं. पुढच्या आठवड्यात तो ते हाताने लिहून त्या बाईंना देऊन आला. त्यांनी ते बायबलात ठेवलं. देवावरचा भरवसा सुटकेच्या तारखेवर टांगलेला नसतो, हे त्या बाईंना लिहिणाऱ्याच्या आधीच कळलेलं होतं, असं त्याला आजही वाटतं. हबक्कूकाच्या शेवटच्या अध्यायात अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, असा एकेक ऐवज मोजून मग आनंदाची भाषा येते. पाऊस चुकलेल्या वर्षी नगर जिल्ह्यातल्या किंवा मराठवाड्यातल्या मंडळीत हा उतारा वाचला की त्याला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

या भरवशाची आपल्याकडची सर्वांत मोठी साक्ष केडगावची आहे. पंडिता रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्याविषयी वाचलं होतं. म्युलर यांनी माणसांपुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर, अनाथाश्रम चालवले. पुढे त्यांच्या अ‍ॅशली डाउनवरच्या पाच इमारतींत दोन हजारांवर मुलांची सोय होती. हिंदुस्थानातही देवावर असा भरवसा टाकता येईल का, हा प्रश्न रमाबाईंना पडला आणि केडगावच्या मुक्ती मिशनचं काम त्याचं उत्तर होऊन उभं राहिलं. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका आणल्या. त्यांना पोसण्याचा हिशोब कुठल्याच वहीत बसणारा नव्हता.

म्युलर यांची आणखी एक गोष्ट मनन लिहिणाऱ्याच्या फार कामाची आहे. 1841 मध्ये त्यांनी आपल्या सकाळच्या रीतीत झालेला बदल नोंदवून ठेवला आहे. वर्षानुवर्षं ते उठल्याबरोबर प्रार्थनेला बसत आणि कितीतरी वेळ मन भरकटण्यातच जाई. मग त्यांनी क्रम बदलला. आधी वचन वाचायचं, त्यावर मनन करायचं, आणि त्यातूनच प्रार्थना आपोआप उमटू द्यायची. इतकं मोठं काम डोक्यावर असलेला माणूस दिवसातलं आपलं पहिलं कर्तव्य स्वतःचा जीव प्रभूमध्ये आनंदित ठेवणं हे मानतो. ज्यांना सकाळी प्रार्थना सुचत नाही त्यांनी हा क्रम करून पाहावा.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं वचनाच्या मराठीला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलाचं भाषांतर केलं, साध्या बाईमाणसाला वाचता यावं अशा भाषेत. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, आणि ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून 1924 मध्ये बाहेर पडलं. मनन लिहिताना वाक्य जड झालं, संस्कृताळलं, की प्रस्तुत लेखक हेच आठवतो. केडगावात नुकतीच अक्षरं शिकलेली मुलगी हे वाक्य वाचू शकली असती का? नसती, तर ते खोडायचं.

वचनाशी असं पान-पान चालत जाण्याने काय होतं, याचं उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका परक्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो नेमाने वाचायला घेतला आणि मत्तयाच्या गिरिप्रवचनापाशी आल्यावर त्यांना तिथून हलवेना. बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. तोवरचा बराच काळ त्या पानांचा होता.

लिहिणाऱ्याचं नाव या कामात फार मोठं नसतं, आणि ते तसंच बरं. जगभर रोज उघडल्या जाणाऱ्या मननाच्या पुस्तकांत ऑस्वाल्ड चेंबर्स यांचं 1927 मध्ये निघालेलं पुस्तक आहे. हकिकत अशी आहे की ते त्यांनी लिहिलेलंच नाही. चेंबर्स 1917 मध्ये इजिप्तमध्ये सैनिकांची सेवा करताना अ‍ॅपेंडिक्सच्या दुखण्याने गेले. त्यांची पत्नी बिडी लघुलेखनात अतिशय निष्णात होती. लंडनच्या बायबल शाळेत आणि पुढे इजिप्तमध्ये नवऱ्याचे पाठ तिने शब्दाशब्दाने टिपून ठेवले होते. लहान मुलगी पदरात, घरात ठेवलेले भाडेकरू, आणि त्यातूनच तिने त्या वह्यांमधून वर्षाचा एकेक दिवस वेचला. प्रस्तावनेखाली तिने फक्त आपली आद्याक्षरं घातली.

एवढा पसारा असूनही रोजच्या मननाला एकच माप पुरेसं आहे, आणि ते निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो माणशी एक ओमर. उद्यासाठी राखून ठेवणाऱ्यांच्या भांड्यात सकाळी किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा विसाव्याचा. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही मागणं तेवढंच आहे. भाकरीच्या त्या मागण्यात ‘रोजची’च्या जागी असलेला ग्रीक शब्द मत्तय आणि लूक यांच्याखेरीज बायबलात कुठेच येत नाही आणि त्याच्या नेमक्या अर्थावर अभ्यासक आजही वाद घालतात. मराठी भाषांतरकारांनी मात्र रोजची भाकर म्हटलं, आणि चुलीपाशी बसलेल्या बाईला ते लगेच समजलं. ताजी, हाताने थापलेली, आजच्यापुरती.

म्हणून मननात वर्षभराचं शहाणपण कोंबू नये. एका वचनातली एक गोष्ट सांगावी आणि थांबावं. दुसरी चांगली गोष्ट सुचली तर ती उद्या पुन्हा सुचेल, असा भरवसा ठेवावा. लिहिणाऱ्याची कसोटी इथेच लागते.

वाचकांपैकी ज्यांना हे करून पाहायचं असेल, त्यांनी पुस्तक विकत आणायची गरज नाही. घरातल्या भिंतीवरचं वचन घ्यावं, ते बायबलात कुठे आहे ते शोधावं आणि त्याच्या आधीची दहा, नंतरची दहा वचनं मोठ्याने वाचावीत. मग एका साध्या वहीत तारीख घालून चार ओळी लिहाव्यात. उद्या सकाळी वही पुन्हा उघडावी.